रविवारची गोळी

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, बहिणीपाशी तर नाहीच. आईच्या दहाव्याला गोदेकाठी उभा होतो, पिंडाला कावळा शिवत नव्हता, आणि मागून सगळे सांगत होते — काही राहिलं असेल तिचं, मनात म्हण, कबूल कर. मी हात जोडले. ओठ हलवले. पण मनातसुद्धा म्हटलं नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि आम्ही घरी आलो. लोक म्हणाले, म्हातारीचा जीव मुलात अडकला असेल, किती केलं त्यानं आईचं!

तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखणारे सगळे माझं कौतुक करतात. ते ऐकलं की माझ्या मस्तकात तिडीक जाते. माझ्यावर, त्यांच्यावर — आणि हेही लिहून टाकतो — आईवरसुद्धा.

मी नाशिकला, अंबडच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. माझं काम मापाच्या हत्यारांचं. प्रत्येक गेजवर, प्रत्येक व्हर्निअरवर एक छोटं स्टिकर असतं आणि त्यावर पुढच्या तपासणीची तारीख. ती उलटून गेलेलं हत्यार कुणी वापरताना दिसलं की मी मशिनवर जाऊन आरडाओरडा करायचो. हत्यार चांगलं दिसतं म्हणून चांगलं असतं का? कुणी सांगितलं तुला अजून बरोबर आहे म्हणून? हे माझं ठरलेलं भाषण. कामगार पाठीमागे माझी नक्कल करायचे. मला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर अभिमानही होता.

आई कळवणकडची. वडील लवकर गेले. तिनं भाजीपाला करून आम्हा दोघांना वाढवलं, मला आणि सुनंदाला. मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या बांधत तिची अर्धी हयात वाकून गेली. पुढे सुनंदा कळवणलाच दिली आणि मी आईला इंदिरानगरच्या फ्लॅटवर आणलं. अठ्ठ्याण्णव साली एका सकाळी पाण्याची बादली उचलताना तिच्या पाठीत काहीतरी कट्कन झालं. मी बाम आणला. महिनाभर माझी बायको तो चोळत होती आणि आई भिंतीला धरून चालत होती. महिन्यानं मी तिला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर साठीचे, तोंडानं फटकळ. त्यांनी एक्स-रे उजेडाला धरला. मणका दबला होता, हाडं ठिसूळ झाली होती. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दार उघडं होतं, बाहेर बाकावर दहा-बारा माणसं बसलेली.

"शिकलेले दिसता. महिनाभर बाम चोळत होतात? दावणीची गाय बसली असती तर दुसऱ्या दिवशी जनावरांचा डॉक्टर आणला असता!"

बाकावर कुणीतरी हसलं. कंपाउंडरही हसला. आई म्हणाली, "नाय हो डाक्टर, पोरगं लय करतं माझं." त्यावर ते अजून हसले. माझे कान तापले. तो हशा मला आजही ऐकू येतो — आणि चीड याची आहे, की डॉक्टरांचं काय चुकलं होतं? एक अक्षर चुकलं नव्हतं. तरी मी त्या माणसाचा राग धरला. वर्षानुवर्षं, जपून, घरच्या देवासारखा.

त्यांनी एक गोळी लिहून दिली. तेव्हा नवीनच होती ती. आधी रोज घ्यायची होती, पुढे तीच आठवड्यातून एकदा घ्यायची मिळू लागली. तिचे नियम होते. सकाळी उठल्या उठल्या, चहाच्याही आधी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर. मग अर्धा तास ताठ बसायचं. आडवं व्हायचं नाही, काही खायचं नाही. आणि डॉक्टरांनी फाइलच्या पुठ्ठ्यावर लाल पेनानं, मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं — पाच वर्षं. त्यापुढे मला दाखवल्याशिवाय घेऊ नये. तोंडानंही सांगितलं: "ही जन्मभराची गोळी नाही. पाच वर्षं झाली की आईंना घेऊन या. चालू ठेवायची की थांबवायची, ते मी हाड बघून ठरवीन. तुम्ही ठरवू नका."

म्हणजे पुढच्या तपासणीची तारीख होती. स्टिकर होतं. अजून काय पाहिजे होतं मला?

पाच वर्षं गोळीनं तिचं काम चोख केलं, हे आधी सांगतो, नाहीतर तुम्ही गोळीलाच दोष द्याल. आईची पाठ सावरली. ती पुन्हा स्वयंपाकघरात उभी राहिली. गोळी आठवड्याची झाली तशी रविवारची सकाळ आमच्या दोघांची झाली. मी सहाला उठून तिला गोळी द्यायचो, ती गॅलरीतल्या खुर्चीत ताठ बसायची आणि मी समोर पेपर घेऊन. अर्धा तास. तेवढ्या वेळात ती बोलायची — विहिरीवरची भांडणं, बाजारात वजनात मारणारा दलाल, माझ्या वडिलांचं चिडकेपण. "तू त्यांच्यावरच गेलास," म्हणायची. "वरून शांत, आतून धुमसणारा." घड्याळाकडे बघून विचारायची, "झाला का रे अर्धा तास? का मला अशीच ताठ बसवून मारतो?"

तो अर्धा तास संपू नये म्हणून मी गोळी चालू ठेवली, असं म्हणता येईल. खूपदा मी तसं मनाशी म्हटलंही आहे. किती छान कारण आहे, नाही? आईवरच्या मायेचं! ते खोटं आहे. खरं कारण पुढे आहे.

पाच वर्षं झाली. आईनंच आठवण केली, "डाक्टर म्हणले होते ना?" एका शनिवारी अर्धी रजा टाकून, फाइल काखेत मारून निघालो. म्हटलं, आधी मी नंबर लावून येतो, मग तुला नेतो. दवाखान्याचा जिना चढलो. काचेच्या दारातून तोच बाक दिसला. तोच कंपाउंडर, आता केस पिकलेला, कुणाशी तरी हसत होता. मी दाराच्या मुठीवर हात ठेवला — आणि काढला. चाळिशी ओलांडलेला माणूस मी. दोन पोरांचा बाप. हाताखाली बारा माणसं. जुन्या हशाला घाबरून जिना उतरलो. समोरच्या हॉटेलात बसून मिसळ खाल्ली. वर एक पाव जास्तीचा मागितला. मग घरी आलो.

आई दारातच होती. "काय म्हणले?"

मी म्हणालो, "चालू ठेवा म्हणाले."

"कुठवर?"

"जन्मभर."

हा शब्द मला कुणी दिला नव्हता. तो माझा मीच काढला. "बरं," ती म्हणाली आणि माझ्यासाठी पाणी आणायला आत गेली.

एवढ्यावर थांबलो असतो तरी — नाही, थांबलो नाही. फाइलवरची लाल अक्षरं होतीच. दुसऱ्या दिवशी मी नवी प्लास्टिकची फाइल आणली, सगळे कागद आणि एक्स-रे तिच्यात लावले, आणि जुना पुठ्ठा फाडून कचऱ्यात टाकला. त्याच वर्षी कारखान्यात एका कामगारानं मुदत संपलेल्या गेजवर स्वतःच्या हातानं नवं स्टिकर चिकटवलं होतं. त्याची लेखी तक्रार कुणी केली? मी केली. त्याला निलंबित केलं तेव्हा तो माझ्यासमोर रडला. "साहेब, पाच मिनिटांचा आळस हो, दुसरं काही नाही." मी त्याला म्हणालो, आळस नाही, याला खोटेपणा म्हणतात. घरच्या फाइलचा पुठ्ठा फाडून तेव्हा महिनासुद्धा झाला नव्हता.

पुढे सगळं सोपं होतं, याचाच संताप येतो. गोळी मिळायला चिठ्ठी लागतच नव्हती. आपल्याकडे कुणाला लागते? रिकाम्या पाकिटाचा नाव छापलेला तुकडा कात्रीनं कापून खिशात ठेवायचा आणि मेडिकलवाल्यापुढे धरायचा — हीच द्या. तो बघतो, फळीवरून काढतो, देतो. नवं पाकीट संपलं की त्याचा तुकडा. अशी ती गोळी स्वतःच स्वतःची चिठ्ठी होऊन बसली. पाच वर्षांची सहा झाली, सात झाली, आठ झाली.

आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्यानं एकदा तुकडा हातात घेऊन वर बघितलं. "काका, ही बरीच वर्षं नेताय तुम्ही. डॉक्टरांना विचारलंत का मध्ये?" पोरगेलासा माणूस, नम्रपणे विचारत होता. मी त्याच्यावर खेकसलो, "तुम्ही डॉक्टर आहात का? औषध द्यायचं काम करा." त्यानं पाकीट काढून दिलं. त्यानंतर मी दुकान बदललं.

मग आईची उजवी मांडी दुखायला लागली. "लय ठणकतंय रे मांडीत. आतून. हाडातून." उठताना ती मांडी दोन्ही हातांनी दाबून धरायची. मी म्हणालो, वय झालं आई. सुनंदानं फोनवर विचारलं, "दादा, ती गोळी अजून चालूच आहे का रे? त्या डॉक्टरांना दाखव ना एकदा." मी म्हणालो, त्यांनीच सांगितलंय चालू ठेवायला, तू तिथं कळवणला बसून मला शिकवू नकोस. ती मग म्हणाली, "तसं नाही रे. तू आहेस म्हणून तर मी निर्धास्त आहे."

निर्धास्त!

चार महिने ती मांडी दुखत होती. चार महिने. आणि मी बाम आणला. हो, पुन्हा बामच.

नवव्या वर्षी, एका सकाळी गॅलरीत टॉवेल वाळत घालताना आई वळली आणि खाली आली. फरशी कोरडी होती. कशाला अडखळली नव्हती. हॉस्पिटलात जो तो विचारत होता, कशा पडल्या, कशा पडल्या. ती प्रत्येकाला एकच सांगत होती, "पडले म्हणून मोडलं नाय. मोडलं म्हणून पडले." लोक हसून मान हलवत होते. म्हातारीला काय कळतंय!

तिथला डॉक्टर तरुण होता. तो हसला नाही. त्यानं एक्स-रे पुन्हा पाहिला आणि मला विचारलं, गोळी किती वर्षं चालू आहे. सुनंदा एसटीनं धावत आली होती, माझ्या शेजारीच उभी. तो म्हणाला, "नीट आठवून सांगा. सलग आठ-नऊ वर्षं घेतली असेल तर मी ती आजच बंद करीन. फार लांबली तर एखाद्याच्या मांडीचं हाड असं न पडता मोडतं, असं आता वाचायला मिळू लागलंय. दुसरी मांडीही तपासावी लागेल. पण मध्ये मध्ये सुटली असेल तर गोष्ट उलटी आहे, मग हाड गोळी कमी पडून मोडलं."

याहून सोपा प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नसेल. उत्तर एका शब्दाचं होतं. नऊ. पण नऊ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला — पाचानंतर कुणी चालू ठेवायला सांगितली? आणि सुनंदा माझ्याकडे बघत होती, निर्धास्त.

मी म्हणालो, "झाली असतील पाच-सहा. सलग नाही. ती टाळायची मध्ये मध्ये."

डॉक्टर खाटेकडे वळला. "हो का आजी? टाळायच्या तुम्ही?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. नऊ वर्षं माझ्या हातून गोळी घेतलेली बाई. पाय वजन लावून लटकवलेला. तिनं पाहिलं, फार वेळ नाही, आणि म्हणाली, "हो. जळजळायचं छातीत. टाळायची मी."

सुनंदा तिच्यावर तुटून पडली. "काय गं आई! दादा सकाळी उठून गोळी हातात देतो तुझ्या, आणि तू टाळतेस? काय करायची, फेकून द्यायचीस? लहान पोर आहेस का?" आई छताकडे बघत राहिली. मी म्हणालो, जाऊ दे सुनंदा, आता ओरडू नकोस तिला. कळतंय का तुम्हाला? मीच म्हणालो हे. मोठ्या मनानं. आणि डॉक्टरनं माझ्या उत्तरावर भरवसा ठेवून तीच गोळी पुन्हा लिहिली — एकही न चुकवता.

ऑपरेशन झालं, हाडात सळी बसली, आई घरी आली. पहिला रविवार उजाडला. तिला उशा लावून ताठ बसवलं, पेला दिला, गोळी पुढे केली. तिनं ती तळहातावर घेतली आणि विचारलं, "ही घ्यायची का रे?"

तिनं डॉक्टरचं सगळं बोलणं ऐकलं होतं. शाळेत गेली नव्हती, पण नऊ तिला मोजता येत होते. ती मला विचारत नव्हती. ती मला संधी देत होती.

मी म्हणालो, "डॉक्टरांनी लिहिलीय."

ती घेतली तिनं. अर्धा तास ताठ बसली. त्या अर्ध्या तासात ती काही बोलली नाही आणि मी पेपरचं पान उलटलं नाही. त्यानंतर बरेच रविवार असेच गेले.

सात महिन्यांनी ती म्हणाली, आता या मांडीत. डाव्या. यावेळी मला कळलं नाही असं मी म्हणूच शकत नाही. उरलेलं पाकीट मी कचऱ्यात टाकलं आणि तिला म्हणालो, गोळी थांबवलीय. कुणी थांबवली? मीच. पुन्हा मीच ठरवलं, पुन्हा चोरून. नुसतं थांबवणं पुरेसं नव्हतं. त्या डॉक्टरकडे जाऊन खरी वर्षं सांगायला हवी होती — मग त्यानं ती मांडी तपासली असती, कदाचित मोडायच्या आधीच सळी घातली असती. मी गेलो नाही. तिसऱ्या आठवड्यात वॉकर धरून उठताना तो पाय मोडला. त्यानंतर ती उभी राहिलीच नाही. चौदा महिने अंथरुणात काढले आणि छातीत कफ होऊन गेली.

त्या चौदा महिन्यांत मी तिचं सगळं केलं. भांडं दिलं, पाठ पुसली, घास भरवले. शेजारच्या बायका सुनांना म्हणायच्या, मुलगा असावा तर असा. आईसमोर म्हणायच्या. आई मान हलवायची.

एकदाच, वरणभात भरवत असताना, ती म्हणाली, "सुनंदाला नको सांगू. तिला भाऊ एकच हाय."

मला सुटल्यासारखं वाटलं. लाज नाही वाटली — सुटल्यासारखं वाटलं. आणि मग तिचा असा राग आला, की चमचा ताटलीत आपटला. का नाही बोललीस? हॉस्पिटलात एक वाक्य बोलली असतीस तर तुझा तो पाय राहिला असता! असं मी तिला विचारलं. मनात. तोंडानं म्हणालो, गिळ. म्हणजे रागही मी तिच्यावरच काढला. मोडलेल्या दोन पायांच्या बाईवर.

गेल्या महिन्यात आईचं वर्षश्राद्ध झालं. जेवणं उरकल्यावर सुनंदा बायकांमध्ये बसली होती. एक म्हातारी गुडघे चोळत होती. सुनंदा तिला म्हणाली, "गोळ्या टाळू नका हं मावशी. आमच्या आईनं टाळल्या, दादा एवढा जीव टाकत होता तरी. काय झालं बघितलंत ना?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हातात मठ्ठ्याचा जग घेऊन उभा होतो. मी म्हणालो, कुणाला मठ्ठा?

हे छापून आलं की सुनंदाही वाचेल. आईनं सांगू नको म्हटलं होतं. तिचं तेवढं वाक्य ढालीसारखं पुढे धरून मी वर्ष काढलं, आता ते मोडतो. सुनंदा, तू तिला त्या खाटेवर ज्यावरून ओरडलीस, आणि त्या बायकांना जे सांगितलंस, ते माझं खोटं होतं. तिला गोळी कधी जळजळली नाही. डॉक्टरांनी जन्मभर म्हटलं नव्हतं; ते मी म्हटलं होतं, मिसळ खाऊन येऊन.

आईनं एकही गोळी टाळली नाही. नऊ वर्षांत एकही नाही. आणि सळी बसल्यानंतरही, थांबवली म्हणून मी सांगेपर्यंत, एकही नाही.